पळसाच्या पानांचा नवरा

प्रकाशा, पश्चिम खानदेश
१२ ऑक्टोबर १९५८

वर काय लिहू? श्रीयुत लिहिलं तर अख्खं गाव खोटं पडतं, कैलासवासी लिहिलं तर पोस्टमास्तर पत्र घ्यायचे नाहीत. म्हणून वरची जागा कोरी सोडली आहे. तुमची तुम्ही भरून घ्या.

लोटनभाऊंच्या नावाने घातलेलं तुमचं पत्र गेल्या सोमवारी आलं. भाऊंचा चष्मा मोडलाय, म्हणून ते माझ्या हातात दिलं. अंगणात तुमच्या आई खाटेवर, भाऊ उंबऱ्यात आणि मी उभ्याने मोठ्याने वाचत होते. ‘मी जिवंत आहे’ हे वाक्य मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाच असं कोणी म्हणालं नव्हतं.

आई म्हणाल्या, “मरेल मानूस कागद धाडस का? कोनीतरी चेष्टा करी ऱ्हायना.” भाऊ तुमच्याच पाठचे, तेवढेच हट्टी. ते म्हणाले, “आखा गावले तेरावानं जेवन दिधं. आते तो उना ते लोके काय म्हनतीन?”

तुम्ही विसरला असाल म्हणून सांगते. तुम्ही नवसारीच्या शेठबरोबर फिजीला कापडाच्या दुकानात नोकरीला गेलात तेव्हा आपल्या लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि मी सोळा वर्षांची होते. शेवटचं पत्र एक्केचाळीस साली आलं. मग लढाई झाली, लढाई संपली, देश स्वतंत्र झाला, तुमची खबर नाही. बारा वर्षं खबर नसलेल्या माणसाचं आपल्यात जे करतात ते त्रेपन्न साली तुमचं केलं. शेतावरच्या गड्याने, वाहरूने, सातपुड्याच्या पायथ्याहून पळसाची पानं आणली. त्या पानांचा माणूस बांधला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला आणि संगमावर नेऊन भाऊंनी पेटवला. पळस ओला होता. धूर इतका झाला की सगळ्यांच्याच डोळ्यांना पाणी आलं, आणि कोण खरं रडतंय ते कळायला मार्ग नव्हता. मी खरी रडले. हे मुद्दाम लिहिते, कारण तुम्ही पाहायला नव्हता.

त्याच घाटावर माझ्या बांगड्या फोडल्या. मग माझ्या वडिलांनी मला धुळ्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला घातलं. नवरा परदेशात असता तर कोणी घातलं नसतं, विधवा म्हणून घातलं. आता इथल्या मुलींच्या शाळेत शिकवते आणि शाळेच्या मागच्या खोलीत राहते. स्वतःचं रांधते, स्वतः खाते. संध्याकाळी मुली घरी गेल्या की बोलायला कोणी नसतं. मग मी भाजीशी बोलते.

तुम्ही लिहिलंय की शेठशी भांडून दुकान सोडलं, नारळाच्या गलबतावर काम केलं, लाज वाटली म्हणून लिहिलं नाही, आणि आता कुठल्याशा बेटावर साहेब लोकांच्या टोळीत जुनी भांडी उकरता. लाज वाटली म्हणून सतरा वर्षं! आम्ही इथे तुमचं पिंडदान करत होतो आणि तुम्हाला लाज वाटत होती.

शेवटी तुम्ही विचारलंय, ‘येऊ का?’ भाऊ उत्तर देणार नाहीत. मी विधवा, मला उत्तर द्यायचा हक्क कुठे? पण पत्राची पोच तरी द्यावी म्हणून लिहिलं.

जसोदा

प्रकाशा
८ मार्च १९५९

तुमचं दुसरं पत्र शाळेच्या पत्त्यावर आलं ते बरं झालं. लाऊ बेटं नकाशात शोधली. आमच्या शाळेच्या नकाशात फिजी म्हणजे माशी बसून गेल्यासारखा ठिपका आहे आणि लाऊ तर नाहीतच. मग तुमच्या पत्रावरून मी फळ्यावर खडूने काढली. पश्चिमेला फिजीची मोठी बेटं, काळ्यासावळ्या, दाट कुरळ्या केसांच्या लोकांची. पूर्वेला तोंगा, उंचापुऱ्या दर्यावर्दी लोकांचं. आणि मध्ये माळेतून सुटलेल्या मण्यांसारखी तुमची बेटं, जिथे इकडच्या मुली तिकडे दिल्या जातात आणि तिकडच्या होड्या इकडे बांधल्या जातात. एका मुलीने विचारलं, “बाई, तठे आपला कोन शे?” मी म्हटलं, ओळखीचे आहेत.

खड्ड्याचं तुम्ही फार छान लिहिलंय. वरच्या थरात लोखंडी खिळे आणि विलायती बशांचे तुकडे. त्याखाली साधी मडकी, शिंपल्याचे गळ, कासवाची हाडं. आणि सगळ्यात तळाशी, पांढऱ्या वाळूला टेकून, ती नक्षीची खापरं. ओल्या मातीवर फणीचे दाते दाबून काढलेली, एकात तर माणसाचे डोळे-नाक. त्याच्या खाली नुसती वाळू, म्हणजे त्यांच्या आधी त्या बेटावर कोणीच नव्हतं. तुम्ही लिहिलंय, ‘पहिलं खापर मी हातात धरलं तेव्हा मला वाटलं, या बाईला आता कोणीतरी विचारलं.’ हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं. सोळाव्या वर्षी मी ज्याला ताट वाढत होते तो माणूस असं काही बोलत नव्हता. तो मीठ कमी आहे एवढंच बोलायचा.

साहेबांना म्हणे एकच प्रश्न आहे, ही तळाची माणसं पश्चिमेकडची की पूर्वेकडची? आपल्या टेकाडावरसुद्धा पंचावन्न साली सरकारी माणसांनी खणलं. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते, मुलींना घेऊन पाहायला गेले. ते सांगत होते, ही मडकी माळव्याच्या धाटणीची, ही दख्खनच्या धाटणीची, आणि दोन्ही एकाच खड्ड्यात! आमच्या शाळेत झाडलोट करणारी भुरीबाई तिथे पाट्या वाहायला होती. ती म्हणाली, “बाजारना दिन व्हई, बाई.” आम्ही फार हसलो. तुमच्या साहेबांनाही सांगून बघा.

आता मी एक विचारते, त्याचं सरळ उत्तर द्या. तुमच्या पत्रात तुमचा सदरा कोणीतरी शिवलेला असतो, चटई कोणीतरी विणलेली असते. कोणी आहे का तिकडे?

जसोदा

प्रकाशा
२७ सप्टेंबर १९५९

सरळ लिहिलंत, ते बरं केलंत. तिसरं पत्र मी फाडणार होते, पण फाडलं नाही.

तर ती होती, तोंगाकडून आलेली होती, चटया विणायची, आणि सत्तावन्न साली तापाने गेली. मूलबाळ नव्हतं. ती गेल्यावर तुम्हाला घर आठवलं. मला राग आला, खोटं का बोलू? मी पांढऱ्या कपाळाने फिरत होते आणि तुम्ही तिच्या हातचं गरम जेवत होता. दोन दिवस मी मुलींवर विनाकारण ओरडले. तिसऱ्या दिवशी वाटलं, तीही परक्या बेटावर येऊन राहिली, तिलाही आई-बाप परत दिसले नसतील. तुम्ही पत्रभर तिला ‘ती बाई’ म्हटलंय. पुढच्या पत्रात तिचं नाव लिहा. मेलेल्या माणसाचं नाव टाकणं किती सोपं असतं ते मला इथे बसून चांगलं कळतं.

बरं, गंमत ऐका. परवा तुमचं श्राद्ध झालं. फळीवर तुमचं जिवंत असल्याचं पत्र आणि खाली तुमच्या नावाने खीर. कावळा इतका पटकन शिवला की भाऊ म्हणाले, “दखं? तो गयेलच शे.” मी म्हटलं, “कावळाले भूक लागेल व्हती, भाऊ.” भाऊ माझ्याशी त्या दिवसापासून बोलत नाहीत. आई मात्र हळूच माझ्या खोलीवर आल्या. त्यांना आता डोळ्यांनी दिसत नाही, भुरीबाईने हाताला धरून आणलं. म्हणाल्या, “तो कागद वाची दखाड. भांडास्ना वाच.” मी खापरांचं सगळं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “धाकला व्हता तव्हय बी असाच माटीमां बसे.” मग रडल्या. त्यांना पटलंय.

तुम्ही लिहिलंय की वरच्या थरांत नक्षी कमी कमी होत जाते, मग नुसती साधी मडकी उरतात, आणि पूर्वेकडच्या बेटांवर तर पुढे मडकंच संपतं. लोक जमिनीत खळगा करून तापल्या दगडांवर शिजवायला लागतात. साहेबांना कारण कळत नाही. मला वाटतं, मडकं घडवणाऱ्या बायका ज्या बेटावरून नांदायला यायच्या तिथून त्या यायच्या थांबल्या असतील. माहेरचं कोणी येईना, तर शिकवणार कोण? सासरच्या मुलींनी दोन पिढ्या आठवण काढून केली, मग सोडून दिली. हे साहेबांना सांगा, ते काय म्हणतात ते कळवा.

इथे संध्याकाळ फार लवकर होते. तुमचं पत्र यायला दीड महिना लागतो. तोवर जुनं वाचते.

जसोदा

प्रकाशा, धुळे जिल्हा, महाराष्ट्र
१७ जुलै १९६०

पत्ता बदललाय, पाहिलात ना? मी आहे तिथेच आहे, राज्य नवीन आलं.

सेला. चांगलं नाव आहे. मी तिच्यासाठी संगमावर एक दिवा सोडला. पुजाऱ्याने कोणासाठी विचारलं, मी म्हटलं, बहीण. साहेब म्हणाले की माझं म्हणणं सिद्ध करता येणार नाही. असू दे. त्यांनी ऐकून घेतलं हेच खूप झालं.

आता कामाचं. आईंनी अन्न सोडलं होतं. म्हणाल्या, पोराला बोलवा नाहीतर मलाही संगमावर न्या. भाऊ घाबरले. संगमावरच्या गुरुजींना विचारायला गेले, मीही मागे गेले. गुरुजींनी पोथी काढली. ज्याचं पानांचं दहन झालं तो जिवंत परतला तर त्याला तसाच घरात घेता येत नाही. त्याने गावाबाहेर थांबायचं, मग त्याला तुपाने न्हाऊ घालायचं, तान्ह्या मुलासारखं गुंडाळून आईच्या मांडीवर द्यायचं, बारसं करायचं, मुंज करायची. म्हणजे नव्याने जन्मच. आणि मग त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं.

भाऊंना शास्त्रात वाट सापडली, त्यांचा जीव भांड्यात पडला. ते आता तुम्हाला पत्र घालतील. पण तुम्ही पहिल्यांदा विचारलं ते मी वाचलं होतं, म्हणून उत्तर मी देते. या.

मला तुम्ही हवे आहात. सदतिसाव्या वर्षी हे लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मला लग्नातले तुम्ही फारसे आठवत नाहीत, मिशी आठवते आणि खोकला आठवतो. मला हा माणूस हवा आहे, जो खापर पुसून बाजूला ठेवतो आणि मग मला लिहायला बसतो. दिवसभर काय सापडलं ते मला रोज कोणीतरी सांगावं, आणि माझ्या शाळेत काय झालं ते विचारावं. बाकी काही नाही.

या.

जसोदा

प्रकाशा
८ एप्रिल १९६१

श्रीयुत नवल पाटील यांस,

हे पत्र भुरीबाईच्या हाती देते आहे. तुम्ही तीन गल्ल्या पलीकडे आहात. लाऊहून पत्र यायचं तेव्हा मला तुम्ही याहून जवळ वाटत होता.

तुम्ही फेब्रुवारीत नंदुरबार स्टेशनवर उतरलात तेव्हा मला कोणी नेलं नाही. गावाबाहेर आमराईत तुम्हाला ठेवलं, तिथे डबा माझ्या हातचा येत होता हे तरी तुम्हाला कोणी सांगितलं का? आणि संगमावर तुमचा जन्म झाला त्या दिवशी बायकांनी मला घाटावरून खाली येऊ दिलं नाही. विधवेने बाळाच्या जन्माला समोर यायचं नसतं. तुमच्याच जन्माला तुमचीच विधवा! मी वरच्या पायरीवरून पाहिलं. आईंनी तुमचं तूप माखलेलं डोकं मांडीवर घेतलं. गुरुजी म्हणाले, बाळ रडलं पाहिजे. तुम्ही गप्प. भाऊ म्हणाले, “रड ना भाऊ, मुहूर्त चालना.” शेवटी आईंनी आंधळ्या हाताने चाचपडत तुमच्या दंडाला चिमटा काढला. आणि तुम्ही जे रडायला लागलात ते थांबेचना. गावातले पुरुष आधी हसत होते, मग एकेक जण मान वळवू लागला. त्या वेळी मला वाटलं, धावत खाली जावं. मी गेले असते, पण तुम्ही वर पाहिलंत, मला ओळखलंत आणि मान खाली घातली.

आईंनी तुमचं नाव नवल ठेवलं. सुकलाल हे जळालेलं नाव परत ठेवता येत नाही म्हणाल्या. आई आता पोटभर जेवतात, हे फार चांगलं झालं.

त्यानंतर दीड महिना झाला. तुम्ही ओट्यावर बसता, लोक विचारतात, तिकडे काय करत होता? तुम्ही सांगता, कापडाचं दुकान. भाऊंनी मला निरोप दिला की मेलेल्यांची हाडं, भांडी उकरल्याचं कोणाजवळ बोलू नका, तुम्हाला पुन्हा बाट लागेल. म्हटलं, ठीक, ही भाऊंची भीती. मग आईंनी विचारलं, तिकडे तुला कोणी रांधून घालत होतं का रे? आणि तुम्ही म्हणालात, कोणी नाही. हे मला आईंनीच सांगितलं, आनंदाने. सेला या जगात होती हे आता मला एकटीला माहीत आहे. तिच्या खाली पांढरी वाळू, वर तुमचं कापडाचं दुकान.

तुमची माझी गाठ एकदाच पडली, शाळेच्या फाटकात. मी विचारलं, त्या चेहऱ्याच्या खापराचं पुढे काय झालं, उरलेलं भांडं जुळलं का? तुम्ही इकडेतिकडे पाहिलंत आणि म्हणालात, “लोक पाहताहेत.” आणि गेलात. त्या रात्री मी तुमची पत्रं चाळली नाहीत. पहिल्यांदाच.

काल भाऊ आले. “आखाजीले लगीनना मुहूर्त धरेल शे, भाभी. कासार उद्या येई, हात दखाडी दे.” मी म्हटलं, “माले कोनी इचारं का?” भाऊंना खरंच कळेना. म्हणाले, “इचारानं काय तेन्हामां? तू तेनीच बायको शे.” मी म्हटलं, “मी सुकलालनी बायको. तेले तुम्ही जाळी टाकं. नवलभाऊ कोन शेत, मी वळखत नही.” भाऊ तडक उठून गेले. तुम्हाला त्यांनी येऊन काय सांगितलं असेल ते मी समजू शकते. रागावू नका, ते साधे आहेत.

आज सकाळी कासार आला. मी त्याला चहा दिला आणि बांगड्या न भरता परत पाठवला.

मी आखाजीला पाटावर उभी राहणार नाही. गुरुजींच्या पोथीत तुमचा पुन्हा जन्म आहे, तुमचं पुन्हा लग्न आहे, पण माझ्यासाठी त्यात एक ओळसुद्धा नाही. मी आहे तीच आहे, आणि मी ज्याला बोलावलं होतं तो आलाच नाही. सुकलाल मला पत्रांत भेटला होता. तो धीट नव्हता, पण खरं बोलायचा. त्याला मी ‘या’ म्हटलं होतं. तुम्ही त्याला वाटेत कुठे उतरवून आलात ते मला माहीत नाही. मला एकटीला राहवत नाही म्हणून मी कोणाहीबरोबर राहू शकेन असं मला वाटलं होतं. तसं राहता येत नाही, हे या दीड महिन्यात कळलं. तुम्ही आल्यापासून मी जास्त एकटी आहे.

धडगावला दिवाळीपासून शाळेत शिक्षक नाही. मी तिकडची बदली मागितली होती, हुकूम आला. उद्या सकाळी शहाद्याला जाईन आणि तिथून जंगलखात्याच्या ट्रकने घाट चढेन. मुलींना सांगितलं, आईंना सांगितलं. आईंनी माझ्या तोंडावरून हात फिरवला.

एक शेवटचं. चौदाव्या वर्षी माझं लग्न लागलं तेव्हा मला कोणी विचारलं नाही. बांगड्या फोडल्या तेव्हाही नाही, आणि कालही नाही. तुम्हाला विचारायचं असेल तर तुम्ही स्वतः विचारा, भाऊंच्या तोंडून नको. आणि त्याआधी आईंना सेलाचं सांगा, ओट्यावरच्या लोकांना खड्ड्याचं सांगा. मग जे काही लिहाल त्याला मी उत्तर देईन. काय देईन ते आज मलाही माहीत नाही.

घाटात पाऊस लागला की टपाल अडतं, म्हणून जूनच्या आत पत्र घाला. वर माझं पूर्ण नाव लिहा. धडगावात मला कोणी ओळखत नाही.

जसोदाबाई पाटील
प्राथमिक शाळा, धडगाव
अक्राणी महाल, धुळे जिल्हा